गहाण दागिने आणि दुसरा चित्रपट

चित्रपटांवरील आमच्या मराठी लिखाणांत पैशाचा उल्लेख दोनच प्रसंगीं येतो. चित्रपटानें गल्ला किती जमविला हें सांगावयाचें असतें तेव्हां, आणि तो काढण्यासाठीं घरांतील दागिने कसे गहाण पडले हें सांगावयाचें असतें तेव्हां. पहिला उल्लेख व्यापारी पानांवर होतो, दुसरा वाङ्मयीन पानांवर. या दोहोंच्या मधला जो प्रदेश, म्हणजे पैसा कोणाकडून आला, कोणत्या शर्तींवर आला, तो कोणत्या क्रमानें परत जावयाचा होता, आणि त्या शर्तींचा वळ चित्रपटाच्या अंगावर कोठें उमटला, तिकडे टीकाकार सहसा फिरकत नाहीं. हिशेब पाहणें हें मुनिमाचें काम, रसिकाचें नव्हे, अशी आमची समजूत. प्रस्तुत लेखांत ही समजूत तपासून पाहण्याचा विचार आहे. कारण स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतींत तिनें पुष्कळ नुकसान केलें आहे असें आमचें मत आहे.

'स्वतंत्र चित्रपट' या शब्दाची फोड आधीं केली पाहिजे. थोड्या पैशांत काढलेला तो स्वतंत्र, अशी एक ढोबळ व्याख्या रूढ आहे. ती टिकत नाहीं. थोड्या पैशांत काढलेले कित्येक चित्रपट पूर्णपणें परतंत्र असतात. नटी कोणती, गाणीं किती, शेवट गोड कीं कडू, हें सारें पैसेवाल्यानें ठरविलेलें असतें. ज्या चित्रपटांत हे निर्णय शेवटपर्यंत करणाऱ्याच्या हातीं राहिले तो स्वतंत्र, असें आम्ही समजतों. म्हणजे स्वातंत्र्याचा प्रश्न रकमेचा नसून कराराचा आहे. आणि करार म्हटला कीं दुसरा पक्ष आलाच. त्या दुसऱ्या पक्षाला काय सांगून त्याचा पैसा घेतला, हा या विषयाचा गाभा होय.

ही अडचण इतर कलांपेक्षां चित्रपटालाच अधिक कां जाचावी, तेंहि पाहण्यासारखें आहे. कवीला भांडवल लागत नाहीं. ग्रंथकाराला छापखान्याचें बिल भागवावें लागतें. पण त्यासाठीं आगाऊ वर्गणीदार मिळविण्याची चाल इंग्रजींत फार जुनी आहे. पोपनें होमरच्या 'इलियड'चें भाषांतर अठराव्या शतकाच्या आरंभीं अशाच वर्गणीदारांच्या जोरावर काढलें, आणि कोणा उमरावाच्या दारीं न तिष्ठतां त्यावर आपला निर्वाह चालविला. आमच्याकडील जुन्या ग्रंथांतहि आश्रयदात्यांच्या नांवांच्या लांबच लांब याद्या आढळतात. नाटक मंडळीला पडदे, पोषाख, बिऱ्हाड यांसाठीं कर्ज काढावें लागे. तथापि आजचा खेळ झाला कीं आजचें उत्पन्न हातीं येई, आणि एक नाटक पडलें तर दुसरें लावतां येई. नाटकाचें भांडवल रोज फिरतें. चित्रपटाचें तसें नाहीं. पहिलें तिकीट विकलें जाण्यापूर्वींच त्याचा जवळजवळ सारा पैसा खर्ची पडलेला असतो. पडलेल्या चित्रपटाची डागडुजी करतां येत नाहीं. अर्धवट राहिलेल्याला तर बाजारांत किंमतच नाहीं. अर्धवट घर विकत घेणारा कोणी तरी भेटेल, अर्धा चित्रपट कोण घेणार? सावकाराला या धंद्याचें भय वाटतें तें कांहीं त्याच्या अरसिकपणामुळें नव्हे. तें भय रास्त आहे.

आतां फाळक्यांची कथा घेऊं. दादासाहेब फाळके यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं लंडन गांठलें, कॅमेरा व इतर यंत्रें मिळविलीं, पुढें सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. एवढें शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. परंतु याच कथेंतील एका भागाची आठवण क्वचितच निघते. लंडनहून परतल्यावर फाळके यांच्याजवळ यंत्र होतें, पण पुरेसें भांडवल नव्हतें. ज्यांच्याकडे तें होतें त्यांना, येथला माणूस येथें चित्रपट काढूं शकेल, हेंच खरें वाटत नव्हतें. तेव्हां फाळके यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, त्याच्या उगवण्याचीं चित्रें क्रमाक्रमानें टिपलीं, आणि 'अंकुराची वाढ' नांवाचा एक लहानसा पट तयार केला. कित्येक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत घडतांना पाहून पाहणाऱ्यांची खात्री पटली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांचें साहाय्य मिळालें तें याच प्रयोगाच्या बळावर.

आमच्या मतें या कथेचा खरा नायक तो वाटाणा आहे. दागिने गहाण टाकणारा मनुष्य आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. वाटाणा पेरून दाखविणारा दुसऱ्याच्या शंकेला उत्तर देतो. पैसे गुंतविणाऱ्याला तुमच्या श्रद्धेशीं फारसें कर्तव्य नसतें. वेड्यांचीहि श्रद्धा दांडगीच असते. त्याला पाहावयाचें असतें कीं जी वस्तु अद्याप अस्तित्वांत नाहीं तिचा एखादा खरा तुकडा या माणसाच्या हातून उतरतो कीं नाहीं. आज तरुण दिग्दर्शक संपूर्ण चित्रपटाआधीं त्यांतील एखादा प्रसंग चित्रित करून गुंतवणूकदारांना दाखवितात. ती पद्धत परदेशांतून आली असें त्यांना वाटतें. ती फाळक्यांच्या घरांतील कुंडींतून आली आहे. दुसरेंहि एक ध्यानांत घेण्यासारखें आहे. नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या धंद्यांतीलच होते. यंत्र म्हणजे काय, तें काय करूं शकतें, याची त्यांना जाण होती. नवी कला प्रथम जाणत्या पैशालाच पटते.

दागिन्यांच्या कथेनें सरस्वतीबाईंवरहि अन्यायच केला आहे. कोऱ्या फिल्मला कडेनें भोंकें पाडणें, रसायनें कालविणें, एवढ्या मोठ्या परिवाराचा स्वयंपाक रांधणें, हीं सारीं कामें त्यांनीं केलीं. धंद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांनीं भांडवलहि घातलें व श्रमहि घातले. म्हणजे त्या चित्रपटाच्या पहिल्या भागीदार त्याच. परंतु आमच्या लेखकांनीं त्यांना भागीदार न म्हणतां त्यागमूर्ति म्हटलें. त्यागमूर्तीला हिशेब दाखवावा लागत नाहीं, ही त्यांतील सोय. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा चित्रपट या बाबतींत जुन्या चरित्रांपेक्षां पुष्कळ निरोगी आहे. त्यांतील सरस्वतीबाई रडत नाहींत. नवऱ्याच्या उद्योगांत त्या कुतूहलानें हात घालतात. तथापि घर रिकामें होत जाण्याचे प्रसंग तेथेंहि हंसतखेळत उरकले आहेत. प्रहसनाच्या प्रकृतीला तें शोभतें, परंतु उत्साह असला कीं पैशाचें कसें तरी निभतें अशी समजूत घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. चित्रपट फाळक्यांच्या भरभराटीच्या काळांतच थांबत असल्यामुळें त्या समजुतीला धक्का बसत नाहीं.

धक्का पुढच्या इतिहासांत आहे. १९१८ सालीं मुंबईच्या धनिकांशीं भागीदारी करून नाशिकास 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. आतां दागिने गहाण टाकण्याचें कारण उरलें नव्हतें. पण थोड्याच काळांत कारभारावरून व खर्चावरून भागीदारांशीं बेबनाव झाला, फाळके कंपनी सोडून काशीस गेले, आणि कांहीं वर्षांनीं परतून त्याच कंपनींत काम करूं लागले तेव्हां पूर्वीचा अधिकार राहिला नव्हता. चित्रपट काढण्याची विद्या ज्यानें या देशांत आणली, त्याला भागीदारीचा कागद आपल्या बाजूनें कसा करावा हें साधलें नाहीं. या प्रकरणांत खलपुरुष शोधण्याचें कारण नाहीं. एका पक्षाला प्रत्येक रुपयाचा जाब हवा होता, दुसऱ्याला प्रत्येक चौकटींत मोकळीक हवी होती. आणि कोणता निर्णय कोणाचा हें आधीं ठरलेलें नसलें म्हणजे दोन्ही मागण्या रास्त असूनहि भांडण अटळ होतें.

याच्या उलट उदाहरण आमच्याच प्रांतांत अकरा वर्षांनीं घडलें. १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' निघाली तेव्हां तिचे भागीदार पांच होते. दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या कंपनींत तयार झालेले कसबी. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी, पैशाची बाजू सांभाळणारे. येथें भांडवल आहे, पण तें कारागिरांच्या पंक्तीला बसलेलें आहे, डोक्यावर नाहीं. १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हे स्वतः मालकांपैकींच होते. त्या चित्रपटांत जी निवांत लय आहे, गांवच्या माणसांच्या चेहऱ्यांवर रेंगाळण्याची जी ऐपत आहे, ती कोणाची परवानगी काढून आलेली नाहीं. त्यानें मुंबईंत वर्षाहून अधिक मुक्काम ठोकला व १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान मिळविला, हें सर्वश्रुत आहे. त्या शांत लयीचें मूळ पांच सह्यांच्या कागदांत आहे हें मात्र कोणी लिहीत नाहीं. पुढें प्रभातचेहि भागीदार फुटले व १९५३ सालीं कंपनी मोडली. परंतु तोंपर्यंत एकामागून एक चित्रपट निघत राहिले, आणि आम्ही महत्त्व देतों तें त्याला.

कारण स्वतंत्र चित्रपटाची कसोटी पहिल्या चित्रपटांत लागत नाहीं. ती दुसऱ्यांत लागते. पहिला चित्रपट तारुण्य, मित्र, उसनवारी आणि आईबापांची माया यांवर कसाबसा उभा राहतो. तो झाल्यावर मित्र थकलेले असतात, उसनवारी डोक्यावर असते, आणि मायेची रक्कम संपलेली असते. मराठींत पहिला चित्रपट उत्तम काढून पुढें वर्षानुवर्षें गप्प बसलेले दिग्दर्शक वाचकांना सहज आठवतील. त्यांची प्रतिभा आटली असें म्हणण्यापूर्वीं त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा हिशेब पाहावा, अशी आमची सूचना आहे.

हिशेब पाहावयाचा तर पैशाच्या जाति ओळखतां आल्या पाहिजेत. त्या मुख्यतः तीन. एक कर्ज: त्याला व्याज हवें, तारीख हवी, तारण हवें, चित्रपट कसा झाला याच्याशीं त्याला देणेंघेणें नाहीं. दुसरा भाग, म्हणजे ज्याला आज गुंतवणूक म्हणतात तो: त्याला नफ्यांत वांटा हवा, आणि नफा नाहीं झाला तर तोटा सोसण्याची त्याची तयारी असते, निदान असावयास हवी. तिसरा आश्रय: त्याला पैसा परत नको, पण मान हवा, नांव हवें, कित्येकदां आपल्या मताला होकार हवा. तिन्ही जाति आपापल्या जागीं प्रतिष्ठित आहेत. अनर्थ होतो तो एकीला दुसरीचें नांव दिल्यामुळें. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची (१९५५) कथा आपल्याकडे पुन्हा दागिन्यांचीच कथा म्हणून सांगतात. विमा गहाण पडला, पत्नीचे दागिने गेले, हें खरेंच. पण त्यावर चित्रपट पुरा झाला नाहीं. तो पुरा झाला पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर, म्हणजे आश्रयावर. आणि आश्रयाचा स्वभाव तेथेंहि प्रकट झाला. शेवटीं ग्रामसुधारणेचा कांहीं आशादायक देखावा असावा अशी सूचना वरून आली. राय यांनीं ती मानली नाहीं. ते ठाम राहिले म्हणून आज तो शेवट आपल्याला हलवून सोडतो. सर्वांनाच इतकें ठाम राहतां येत नाहीं, आणि सर्वच सरकारें इतकें ऐकून घेत नाहींत.

पुढें सरकारनें दुसरी जात अवलंबिली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५१ सालीं आपल्या अहवालांत चित्रपटांसाठीं अर्थसाहाय्य करणारी संस्था सुचविली, व १९६० सालीं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालें. १९६९ च्या मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'पासून तिच्या पैशावर एक नवी चित्रपटपरंपराच उभी राहिली. तिचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिनें दिलें तें कर्ज होतें, आणि कर्ज फेडण्याचा मार्ग मात्र कोणी बांधला नव्हता. चित्रपट निघत, पारितोषिकें मिळवीत, आणि डब्यांत पडून राहत. कारण चित्रगृहें दुसऱ्यांच्या हातीं होतीं. १९७६ सालीं संसदेच्या समितीनें या संस्थेवर ठपका ठेवला तेव्हां आमच्या टीकाकारांना तो अरसिकांचा हल्ला वाटला. कांहीं अंशीं तो तसा होताहि. पण परतफेडीची वाट नसलेल्या कामाला कर्ज देऊन मग त्याच्याकडे परतफेड मागावी, यांतील विसंगति दोन्ही पक्षांना तेव्हां स्पष्टपणें बोलून दाखवितां आली नाहीं. तें कर्ज नव्हतेंच. कर्जाचा पोषाख चढविलेला आश्रय होता.

त्याच सुमारास श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'चें (१९७४) प्रकरण घडलें. त्याची कथा दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्या जवळ पडून होती व पैसा लावावयास कोणी तयार नव्हतें. शेवटीं तो लावला ब्लेझ या संस्थेनें. ही संस्था चित्रगृहांतून जाहिरातपट दाखविण्याचा धंदा करीत असे. म्हणजे कोणत्या गांवीं कोणतें चित्रगृह आहे व तेथें कोण येतो, हें तिला तोंडपाठ होतें. 'अंकुर' चालला, आणि मग 'निशांत' आला, हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आधारलेला 'भूमिका' आला. दुसरा चित्रपट निघाला, तिसरा निघाला. पैसा जाणता होता एवढेंच नव्हे, चित्रपट लोकांपर्यंत नेणारी वाट त्याच्या हातांत होती. गुंतवणूकदार शोधतांना त्याच्या तिजोरीची खोली मोजण्याआधीं त्याच्या वाटा कोठवर जातात हें पाहावें, हा धडा त्या प्रकरणांत आहे.

एका मोठ्या पैसेवाल्याऐवजीं पुष्कळ लहान माणसांकडे जाण्याचेहि प्रयोग झाले आहेत. बेनेगल यांच्याच 'मंथन'साठीं (१९७६) गुजराथेंतील दूध-उत्पादक सहकारी संघांच्या पांच लाख सभासदांनीं प्रत्येकीं दोन दोन रुपये दिले व दहा लाख उभे राहिले. तेच शेतकरी पुढें ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहावयास गेले. प्रेक्षक आणि मालक एक झाल्याचें याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. केरळांत जॉन अब्राहम व त्यांच्या ओडेसा मंडळींनीं गांवोगांव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसा जमविला व १९८६ सालीं 'अम्मा अरियान' काढला. कन्नडमध्यें पवनकुमार यांनीं शंभराहून अधिक लोकांकडून सुमारे पन्नास लाख रुपये उभे करून 'लूसिया' (२०१३) काढला. हे तीन प्रयोग वरवर सारखे दिसले तरी पैशाची जात वेगळी आहे. ओडेसाला मिळाली ती देणगी. 'लूसिया'ला मिळाली ती गुंतवणूक. आणि 'मंथन'मागें एक जिवंत सहकारी संस्था होती, जिनें रोजच्या दुधाच्या हिशेबानें सभासदांचा विश्वास आधींच मिळविलेला होता. ती संस्था वगळून दोन रुपयांची युक्ति तेवढी उचलूं पाहणाऱ्यांची निराशा होते. शिवाय कायद्याचेंहि भान हवें. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें खासगी कंपनीला एका आर्थिक वर्षांत दोनशेंहून अधिक लोकांना भाग देऊं करतां येत नाहींत. देणगी मागण्याला ही मर्यादा नाहीं. पण देणगी घेऊन नफ्याची भाषा बोलणें हा कायद्याच्याहि आधीं नीतीचा भंग आहे.

'श्वास'च्या (२००४) वेळीं महाराष्ट्रानें जें केलें तें या संदर्भांत तपासण्याजोगें आहे. 'श्यामची आई'नंतर अर्धशतकानें मराठी चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालें, तो ऑस्करसाठीं निवडला गेला, आणि अमेरिकेंतील प्रचाराच्या खर्चासाठीं सामान्य माणसांनीं, शाळकरी मुलांनींहि पैसे दिले. तें प्रेम खरें होतें. तरी एक प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं. चित्रपट निघत असतांना, त्याच्या करणाऱ्यांना रुपया रुपया जुळवावा लागत होता तेव्हां, हा समाज कोठें होता? यश मिळाल्यावर त्याला हार घालण्यासाठीं आम्ही वर्गणी काढतों. यश अनिश्चित असतांना त्याचा धोका वांटून घेत नाहीं. पहिला उत्सव झाला, दुसरी गुंतवणूक. उत्सवाची हौस आम्हांस उपजत आहे; दुसरी संवय अद्याप लागावयाची आहे.

आतां त्या धोक्याचें स्वरूप उघड करून सांगूं. कारण तें सांगितलें जात नाहीं. प्रेक्षकानें दिलेल्या शंभर रुपयांतून प्रथम कर जातो. उरलेल्यांतून चित्रगृहाचा वांटा निघतो. तो बहुधा निम्म्याच्या आसपास असतो व जसजसे आठवडे जातात तसतसा वाढतो. मग वितरक आपलें कमिशन व जाहिरातीचा खर्च कापून घेतो. त्यानंतर जें राहील तें निर्मात्याच्या खात्यांत येतें, आणि तेथेंहि कर्ज देणारा आधीं उभा असतो. भाग घेणारा सर्वांत शेवटीं. म्हणून चित्रपटानें मोठा गल्ला केला असें वर्तमानपत्रांत छापून यावें आणि गुंतवणूकदाराला मुद्दलहि मिळूं नये, यांत लबाडी असतेच असें नाहीं. रांगच तशी आहे. दूरचित्रवाहिनीचे व ओटीटीचे हक्क हा दुसरा आधार खरा, पण तोहि बेभरंवशाचा. २०२० च्या टाळेबंदीनंतर कांहीं काळ या मंचांनीं लहान चित्रपट हौसेनें विकत घेतले; पुढें ती हौस ओसरली, आणि तिच्यावर विसंबून काढलेले चित्रपट पडून राहिले.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गुंतवणूकदारांसाठीं तयार केलेलें पत्रक आम्हांस वाचावयास दिलें होतें. त्यांत कथेचें सार सुरेख होतें, कलावंतांचीं नांवें होतीं, गाजलेल्या चार चित्रपटांचे आंकडे होते, आणि रक्कम दोन वर्षांत दुप्पट होईल असें विधान होतें. पडलेल्या चित्रपटांचे आंकडे नव्हते. वर सांगितलेल्या रांगेचा उल्लेख नव्हता. पहिले पैसे त्याच्या वडिलांनीं दिले होते. तें त्यांचें निवृत्तीच्या वेळचें घबाड. वडिलांनीं तें मुलाला दिलें असतें तर आमची हरकत नव्हती. बापानें मुलाला द्यावें यांत गैर काय? पण पत्रक वाचून त्यांनीं तें चित्रपटांत गुंतविलें होतें, व ते व्याजाची वाट पाहत होते. आश्रयाला गुंतवणुकीचें नांव दिल्यानें घरांत काय होतें तें येथें दिसलें. चित्रपट निघाला, तो वाईटहि नव्हता, बापलेकांत मात्र पूर्वीची मोकळीक राहिली नाहीं.

खरें सांगितलें तर कोण पैसे देईल, असा आक्षेप यावर येईल. आमचें उत्तर असें कीं योग्य माणूस देईल, आणि अयोग्य माणूस वेळींच बाजूला होईल. ज्याला ही रक्कम बुडाली तरी संसार हलणार नाहीं, ज्याला त्या विषयांत वा त्या माणसाच्या हातांत रस आहे, आणि ज्याला हक्काचा हिशेब वेळच्या वेळीं मिळणार आहे, असा मनुष्य धोका कळल्यावरहि पैसे देतो. व्यापारी माणसें याहून मोठे धोके रोज घेत असतात. त्यांना चीड येते ती फसवणुकीची. म्हणून कागदावर चार गोष्टी साध्या मराठींत लिहिलेल्या असाव्या: परतफेडीची रांग कशी आहे, खर्च वाढला तर तो कोणी सोसावयाचा, हिशेब कोणी व केव्हां पाहावयाचा, आणि चित्रपटाची अखेरची प्रत मंजूर करण्याचा अधिकार कोणाचा. चौथी गोष्ट लिहून घेण्याचा संकोच करणाऱ्यानें पुढें स्वातंत्र्य गेलें म्हणून टाहो फोडूं नये.

असे संबंध केवळ कल्पनेंतच असतात असें कोणी समजूं नये. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा अलीकडच्या मराठी चित्रपटांतील अत्यंत निग्रही चित्रपट. दृश्य संपलें असें वाटल्यावरहि कॅमेरा तेथेंच उभा राहतो. न्यायाधीश, वकील, पक्षकार हे न्यायालयाबाहेर कसे जगतात तें बिनघाईनें दाखवितो. कोणत्याहि हिशेबी निर्मात्यानें हे भाग कापावयास सांगितले असते. ते राहिले, याचें कारण निर्माते विवेक गोम्बर हे स्वतः नट. त्या चित्रपटांत ते बचावाच्या वकिलाची भूमिका करतात. पटकथा लिहिण्याच्या काळांत दिग्दर्शकाच्या चरितार्थाची तजवीजहि त्यांनींच केली होती. रोतरदाम येथील ह्यूबर्ट बाल्स निधीचा आधार मिळाला तो देणगीच्या जातीचा, परतफेडीची अपेक्षा नसलेला. म्हणजे या चित्रपटांत प्रत्येक पैशाला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली गेली. परिणाम काय झाला? सहा वर्षांनीं त्याच निर्मात्याबरोबर 'द डिसायपल' (२०२०) आला व व्हेनिस येथें त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळालें. दुसरा चित्रपट! आमच्या कसोटीला उतरणारें एवढें स्वच्छ उदाहरण मराठींत दुर्मिळ आहे.

सर्वांना गोम्बर लाभणार नाहींत, हें आम्ही जाणतों. परदेशी निधींनाहि आपली आवड असते, व त्या आवडीकडे पाहून कथा बेतणारे आपल्यांत आहेत. तेंहि एक पारतंत्र्यच, फक्त त्याचें चलन युरो. पण ज्यांना गोम्बर लाभणार नाहींत त्यांनीं दागिन्यांकडे वळावें असें त्यांतून निघत नाहीं. घर गहाण टाकून चित्रपट काढणाऱ्याच्या धैर्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. आमचा रोख त्या धैर्यावर पोसलेल्या टीकेकडे आहे. त्यागाचें कौतुक करणें स्वस्त असतें. त्यांत टीकाकाराचा एक पैसाहि खर्च होत नाहीं, आणि पुढच्या पिढीला मात्र असें शिकविलें जातें कीं घर पणाला लावल्यावांचून खरा चित्रपट निघतच नाहीं. ज्यांना पणाला लावावयास घरच नाहीं, त्यांना ही शिकवण काय सांगते? तुम्ही चित्रपट काढूं नका, हेंच.

तेव्हां चांगला चित्रपट पाहून आल्यावर आमच्या परीक्षणकारांनीं कथा, अभिनय, छायाचित्रण यांच्या जोडीला आणखी एक चौकशी करण्याची संवय लावून घ्यावी: हा पैसा कोणाचा होता, त्याला काय सांगितलें होतें, आणि सांगितल्याप्रमाणें झालें काय? या चौकशीनें रसास्वादाला बाध येत नाहीं. उलट, अमुक दृश्य इतकें लांब कां, तमुक गाणें मध्येंच कां आलें, शेवट एकाएकीं गोड कां झाला, अशा कित्येक प्रश्नांचीं उत्तरें तेथेंच सांपडतात. आणि ज्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट आम्हीं डोक्यावर घेतला, त्याला दुसऱ्यासाठीं पैसे मिळाले कीं नाहीं, याची वास्तपुस्त पारितोषिकांच्या बातमीइतक्याच अगत्यानें घेतली पाहिजे.